कपाटाची जागा

१

रोज सकाळी साडेसहाला, चहाचे कप विसळून झाले की, आम्ही घरातली एक वस्तू बाहेर काढायचो. एकच. हा नियम आमच्या मेघनाचा. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मियापूरला राहते, नवराबायको दोघंही कॉम्प्युटरवाले, आणि त्यांच्या घरात दोन सतरंज्या आणि एक कुंडी सोडली तर मला आजवर काही दिसलेलं नाही. काचीगुड्याला आमच्याकडे आली की ती दारातच कपाळाला हात लावायची.

"बाबा, लिटरली एक कोपरा दाखवा जिथे सामान नाही. तुम्ही दोघंच आता. कशाला पायजे एवढं? रोज एक आयटम बाहेर. बघा मग कसं हलकं वाटतं."

मला ते पटलं. मी बत्तीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढले. कोरा कागद टेबलावर ताणून बसवला की जे सुख व्हायचं, ते पुढं त्याच्यावर रेघा ओढताना कधी झालं नाही. उलट आमच्या घरात रेघ ओढायला जागा नव्हती. दुसऱ्या मजल्यावर एकामागे एक तीन खोल्या, बैठकीची, मधली आणि स्वयंपाकघर, आणि तिन्ही खच्चून भरलेल्या. समोरच्या स्टेशनातली गाड्यांची घोषणा खिडकीतून आत यायची तीसुद्धा अंग चोरून येत असेल असं मी म्हणायचो.

कुसुम, माझी बायको, हिचा मात्र सगळ्याला विरोध. विरोध म्हणजे भांडण नव्हे. ती "बरं" म्हणायची आणि टाकलेली बरणी तासाभरात पुन्हा फळीवर दिसायची. पण पहिल्या महिन्यात तिलाही गोडी लागली. मोडक्या छत्र्या गेल्या, जुनी कॅलेंडरं गेली, झाकण हरवलेले सतरा डबे गेले. त्या महिन्यात काहीही वावगं घडलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी तो महिना पुन्हा पुन्हा तपासला आहे.

२

दुसऱ्या महिन्यात मी नियम बाजूला ठेवून तांब्या-पितळेच्या सगळ्या भांड्यांना एकदमच हात घातला. कुसुमचं माहेर परभणीकडचं. लग्नात तिच्याबरोबर पंचेचाळीस भांडी आली होती, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. कळश्या, पराती, तपेली आणि एक घंगाळ, ज्याला दोघांनी दोन कड्या धरल्याशिवाय ते जागचं हलत नसे. चाळीस वर्षांत त्यात कुणी अंघोळ केली नव्हती.

सकाळी मी पोती घेऊन आलो तर ही प्रत्येक भांड्यात मूठमूठ तांदूळ घालत बसलेली.

"हे काय चाललंय?"

"रिकामं भांडं घराबाहेर देऊ नये."

हे मला ठाऊक होतं. शेजारी भाजीचा डबा परत करतानाही ही चिमूटभर साखर टाकून द्यायची. पण ही भांडी शेजारी जात नव्हती, बेगम बाजारात मोडीत जात होती.

"मोडीच्या भांड्यात तांदूळ? त्या सेठला जेवायला बोलावतेस का काय?"

ती हसली नाही. मी मात्र हसत हसत एकेक भांडं उचललं आणि तांदूळ वर्तमानपत्रावर पालथे केले. भांड्याच्या बुडाला चिकटलेले चार दाणेसुद्धा बोटानं काढले, काट्यावर कटकट नको म्हणून. कुसुम बघत राहिली. तिनं मला अडवायला हवं होतं असं आता वाटतं. पण चाळीस वर्षं मीच तिला न अडवायची सवय लावलेली, तर दोष कुणाला देऊ?

भांडी दारापर्यंत ओढताना मला घाम फुटला. पुढं जिना मात्र मी पोती खांद्यावर टाकून सरळ उतरलो. उत्साहाचा परिणाम, दुसरं काय.

बेगम बाजारातल्या सेठनं पोती काट्यावर टाकली आणि म्हणाला, "तीन किलो दोनशे."

मी भडकलो. "काय समजलात हो मला? नुसतं घंगाळच पंधरा किलोचं आहे!"

"कायकू गरम होते साब? काटा नक्को देखो, आप खुदीच उठाके देखो."

मी घंगाळाच्या कडीत बोट घातलं. फक्त एक बोट. ते उचललं गेलं.

ठोकून बघितलं, तर आवाज पितळेचाच होता. नाव होतं, तारीख होती. झिजलं असेल, मी स्वतःला म्हणालो. धातू झिजतो. चाळीस वर्षं नुसत्या फळीवर बसून तो कसा झिजेल, हा प्रश्न मी रिक्षात बसल्यावर विचारला आणि चारमिनारच्या गर्दीत सोडून दिला.

३

मधल्या खोलीत सागवानी कपाट होतं. सात फूट उंच, चार रुंद, दोन खोल. कुसुमच्या साड्या, मेघनाची प्रमाणपत्रं, माझे जुने नकाशे, सगळं त्याच्या पोटात. १९८९ साली ते वर चढवताना सहा हमाल लागले होते आणि एकाचा अंगठा चेंगरला होता.

ते रिकामं करायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्याच सेठची दोन माणसं आली. मी म्हटलं, आणखी चार बोलवा. त्यांनी कपाटाला हात लावला, कपाट उंबऱ्यापर्यंत कुरकुरत गेलं, आणि उंबरा ओलांडल्यावर त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग एकानंच ते पाठीवर घेतलं आणि बिडी ओढत जिना उतरला.

"सांभाळून," कुसुम म्हणाली. पण ती जिन्याकडं बघत नव्हती. ती मधल्या खोलीकडं तोंड करून उभी होती.

भिंतीवर कपाटाएवढा फिकट चौकोन उरला. त्याच्यासमोर उभं राहून मी टाळी वाजवली. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. नव्या इमारतीचा ताबा घेताना आम्ही खात्यातले लोक हटकून टाळी वाजवून बघायचो. माझी टाळी उशीत बुक्की मारावी तशी वाजली.

त्या दिवशी स्वयंपाकघरात जाता-येता मी आठ-दहा वेळा तरी कपाटाच्या जागेला वळसा घातला. कुसुमही घालायची. रात्री जेवताना मी तिला चिडवलं, "गेलेल्या कपाटाला प्रदक्षिणा घालतेस होय?" सवय आहे, जाईल हळूहळू, असं आम्ही ठरवून टाकलं.

४

एक तारखेपासून धुण्याभांड्याला नवीन बाई आली. गंगू. जुनी आपल्या मुलाकडं निजामाबादला गेली होती. गंगूनं आमच्या घरात पाऊल ठेवलं तेव्हा कपाट जाऊन दोन आठवडे झाले होते. हे ध्यानात ठेवा. तिनं ते कपाट जन्मात पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मला मधल्या खोलीत फरशीवर धूळ दिसली. पुसलेल्या चकचकीत फरशीवर भिंतीला लागून धुळीचा एक पट्टा, कडा अगदी सरळ. मी टेप आणला. चार फूट बाय दोन फूट.

"गंगू, वो कोने में झाडू क्यों नहीं मारते?"

"कौनसे कोने में साब?"

"वहां. दीवार के पास."

ती हसली. म्हाताऱ्या माणसांना हसतात तसं, जरा मायेनं. "वहां कैसा मारूं साब, सामान हैना वहां."

"कौनसा सामान?"

गंगूनं तिकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा तिकडं, आणि तिचं हसू जागच्या जागी विझलं. तिनं हातातला झाडू हळूच पुढं सरकवला. धुळीच्या कडेपाशी झाडूचे हीर वाकले.

मी पाच फुटांवर उभा होतो. सकाळचे नऊ वाजले होते, खिडकी उघडी होती, बाहेर विजयवाड्याच्या गाडीची घोषणा तेलुगूत संपून हिंदीत सुरू झाली होती. हीर वाकले आणि तिनं झाडू मागं घेतल्यावर सरळ झाले.

"मेरेकू नक्को पूछो साब," ती म्हणाली, झाडू भिंतीला टेकवून ठेवला आणि चप्पल हातात घेऊनच जिना उतरली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. फोन उचलला नाही.

तिनं झाडू वाकडा धरला असेल, असं मी त्या दिवशी कुसुमला सांगितलं. कुसुम म्हणाली, "हो, असेल."

५

त्यानंतर कुसुमचं वागणं उलटलं. टाकलेली बरणी परत आणणारी बाई आता सकाळी उठून विचारायची, "आज काय काय काढायचं?" एक वस्तू तिला पुरेना. "घर भरलंय हो. श्वास घ्यायला जागा नाही. अजून काढा."

आणि मी काढत गेलो, कारण मलाही तसंच वाटत होतं. जेवायचं टेबल गेलं, खुर्च्या गेल्या, दिवाण गेला, टीव्ही गेला, शेवटी पलंगही. सगळं माझ्या हातानं उंबऱ्याबाहेर दिलं, आणि सगळं उंबऱ्याबाहेर पडताच हलकं झालं. आता मी त्याबद्दल आश्चर्यही करत नव्हतो. माणसाला कशाचीही सवय होते.

डोळ्यांना तीन मोकळ्या खोल्या दिसायच्या. नुसती फरशी आणि भिंती. आणि आम्ही दोघं त्या फरशीवरून आडवे होऊन, पोट आत ओढून, एकमेकांना "जरा सरक" म्हणत चालायचो. माझ्या मांडीवर एक काळानिळा डाग उठला. बरा व्हायचा आणि पुन्हा उठायचा. मी मोजलं. जमिनीपासून एकोणतीस इंच. आमच्या टेबलाचा कोपरा एकोणतीस इंचावर होता.

मी बुद्धीचा माणूस आहे. डॉक्टरकडं गेलो, रक्त तपासलं, जीवनसत्त्वं तपासली. सगळं छान. डॉक्टर म्हणाले, वयात तोल जातो, फिरायला जात जा.

मग मी खात्यातला स्टीलचा टेप काढला, जो मी काही झालं तरी टाकणार नव्हतो. मधली खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत अकरा फूट चार इंच. हा आकडा मला तोंडपाठ होता. मी गुडघ्यावर बसून टेपचं टोक पुढं ढकललं. नऊ फूट चार इंचांवर ते थांबलं. मी जोर लावला. टेप मधेच कमान करून वर उठला आणि सटकन मागं येऊन माझा अंगठा कापून गेला. समोर दोन फूट मोकळी फरशी होती, आणि तिच्यापलीकडं भिंत मला स्वच्छ दिसत होती.

मी तिथंच बसून रडलो. भीती वाटली म्हणून नव्हे. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर विसंबलो, ती माझ्या हातात कमान करून उभी राहिली होती.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बेगम बाजारात गेलो. कपाट परत आणायचं, असं ठरवून.

ते सेठच्या गोदामात होतं, विकलं गेलं नव्हतं. मी दार उघडलं. सागाचा वास नाही, डांबराच्या गोळ्यांचा नाही. कसलाच वास नाही. मी एका हातानं त्याला ढकललं तर ते फरशीवरून घसरत जाऊन भिंतीला लागलं.

"ले जाव साब," सेठ म्हणाला. त्याचाही आवाज उतरला होता. "कोई गाहक हाथ लगाया तो छोडके चले जारा. आपका माल, आपीच ले जाव."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घर में जगह नहीं है."

मी कपाटाचं दार लावून टाकलं. मग मी रिक्षा केली.

किल्लीनं घराचं दार उघडलं तेव्हा आतून एक आवाज आला. त्या कपाटाची उजवी बिजागरी लांब, बारीक कण्हायची. तीस वर्षं मी तिला तेल घालीन म्हणत होतो. ती कण्हली.

कुसुम मधल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून उभी होती. हात वर केलेले. ती घडी घालत होती, साडीची घडी, हनुवटीखाली पदर धरून, हातात काहीही नसताना.

"कुसुम."

"आलात? बघा, काही गेलं नाही हो," ती म्हणाली. आवाजात इतका सुटकेचा आनंद होता की मला गलबलून आलं. "उगाच जीव टांगणीला लावून बसले होते. सगळं इथंच आहे. आईचं घंगाळसुद्धा."

आणि तिनं ती घडी ठेवायला डावा हात पुढं केला. दुपारचे तीन वाजले होते, ऊन खोलीभर होतं. तिचा हात मला कोपरापर्यंतच दिसला. कोपराच्या पुढं भिंतीचा फिकट चौकोन होता.

मी झेप घेऊन तिला मागं खेचलं. ती किंचाळली, गर्दीत चेंगरलेलं माणूस ओढून काढावं तशी. हात आला, बांगड्यांसकट सगळा आला. पण पदर कशात तरी अडकला, टर्रकन फाटला, आणि फाटलेला तुकडा मी खोलीभर शोधला तरी सापडला नाही.

७

मी मेघनाला फोन केला. खरं सांगायची लाज वाटली. म्हटलं, आईला बरं नाही, आम्हाला थोडे दिवस घेऊन जा.

ती रविवारी सकाळी आली. दारात उभी राहून तिनं आत पाहिलं आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. "बाबा! ओ माय गॉड. किती मोकळं! मला वाटलंच नव्हतं तुम्ही खरंच कराल."

"आत ये ना."

"हो, येते ना," ती म्हणाली, आणि आली नाही. बूट काढले, पुन्हा घातले. उंबऱ्याबाहेर उभ्यानंच पाणी प्यायली. गाडी चुकीच्या ठिकाणी लावली आहे म्हणाली. माझ्या लेकीला त्या मोकळ्या घरात पाऊल टाकायला जागा सापडत नव्हती आणि तिचं तिलाही ते कळत नव्हतं.

कुसुम निघायला तयार नव्हती. "मी इथून बाहेर नको जायला," ती मला हळूच म्हणाली. "तुम्हाला कळत कसं नाही?" तिनं मधल्या दाराची चौकट धरली होती. मी समजूत घातली, मग रागावलो, मग तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढलं. तिला वाचवत होतो मी. दुसरं काय करणार होतो?

कुसुमचे गुडघे गेलेले. जिना उतरताना ती माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवून सगळा भार टाकायची. दहा वर्षं. माझा खांदा तिच्यामुळं इंचभर उतरलाय असं मी चारचौघांत सांगायचो. त्या दिवशीही तिनं हात ठेवला. पहिल्या वळणापर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वळणावर मी मान वळवून पाहिलं, की हात आहे ना. हात होता. पाचही बोटं होती. भार नव्हता.

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"कुसुम?"

"चालेल," ती म्हणाली.

खाली मेघना म्हणाली, "आई किती फ्रेश दिसतेय! गुडघे पण बरे वाटतायत ना?" कुसुम गाडीत बसली. सीटची गादी दबली नाही.

८

रक्तदाबाच्या गोळ्या विसरल्या, असं सांगून मी वर पळालो. दार उघडलं. अकराचं ऊन फरशीवर पडलं होतं. तीन खोल्या आरपार दिसत होत्या आणि त्यात चिटपाखरू नव्हतं.

"अहो, आलात का?"

मधल्या खोलीतून. कुसुमचा आवाज, तिचा खरा, जरा करवादलेला, भरलेला आवाज. मी महिनाभर तो ऐकला नव्हता हे मला तेव्हा कळलं.

"कुठं आहेस?"

"इथंच. मला हलता येत नाहीये. सगळं अंगावर आलंय." आत बांगड्या कशावर तरी घासल्या. "तुम्ही कुणाला घेऊन गेलात खाली?"

मी आत घुसलो. घुसलो म्हणजे खांदा लावून, दात ओठ खाऊन, इंच इंच. दिवाणाची कड नडगीला लागली, खुर्चीचा पाय बरगडीत रुतला, शर्ट फाटला, कातडं सोललं, आणि डोळ्यांसमोर नुसती ऊन पडलेली फरशी. मधल्या चौकटीपाशी मी अडकलो. पुढं जाता येईना. मी हात लांब केला.

कपाटाच्या जागेपाशी, कमरेच्या उंचीवर, हवेत बोटं आली. चार बोटं आणि दोन हिरव्या बांगड्या. ती चाचपडत होती. माझ्या बोटांपासून वीतभर लांब. मी जीव खाऊन रेटलं. वीत काही कमी झाली नाही.

खाली मेघनानं हॉर्न वाजवला.

आणि मला एकदम साधं गणित सुचलं. इथून जे बाहेर जातं ते इथंच राहतं. मग मीही बाहेर गेलो की झालं. बाहेर जो जाईल तो जाईल मेघनाबरोबर, बसेल तिच्या सतरंजीवर, म्हणेल चालेल. मी इथं असेन. दाटीवाटीनं का होईना, हिच्याजवळ.

"आलोच," मी तिला म्हणालो. "घाबरू नकोस. पाच मिनिटांत आलो."

कुलूप लावलं आणि जिना उतरू लागलो. प्रत्येक पायरीला वाटत होतं, आता हलकं होईल, आता होईल.

९

मेघनाच्या न्हाणीघरात काचेचा वजनकाटा आहे. पहिल्याच संध्याकाळी तिनं आईला त्याच्यावर उभं केलं. काटा दोन किलो दाखवून बंद पडला. "बॅटरी गेलीये वाटतं," मेघना म्हणाली. ती गेल्यावर मी उभा राहिलो.

अडुसष्ट किलो चारशे ग्रॅम.

मी उतरलो, पुन्हा चढलो. कपडे काढून चढलो. श्वास सोडून चढलो. बाहेर गेलो, आत आलो, पुन्हा चढलो. बॅटरी उत्तम होती. माझ्यातलं ग्रॅमभरसुद्धा मागं राहिलं नव्हतं. भांडी मी काढली, कपाट मी काढलं, कुसुमला मी हाताला धरून काढलं. मला कुणी काढलं नव्हतं. मी आपल्या पायांनी चालत आलो होतो, सगळाच्या सगळा.

तीन दिवस मी मेघनाच्या मागं लागलो. मला काचीगुड्याला ने. मी आत जाऊन उभा राहतो, तू फक्त माझा हात धर आणि मला बाहेर काढ, बाकी काही करू नकोस. ती रडली. नवऱ्याशी दुसऱ्या खोलीत कुजबुजली. शेवटी, माझं समाधान व्हावं म्हणून, बुधवारी सकाळी घेऊन गेली. आईला एकटं कसं ठेवायचं, म्हणून तिलाही गाडीत घेतलं. ती खाली गाडीतच बसून राहिली. तिला बस म्हटलं की बसते.

कुलूप उघडलं. दार चार बोटं आत गेलं आणि थांबलं. मी रेटलं, मेघनानंही रेटलं. दारामागं काहीतरी होतं, आणि त्याच्यामागं आणखी काहीतरी. "दमटपणामुळं फुगलं असेल," मेघना म्हणाली. मे महिना होता.

मी त्या चार बोटांच्या फटीला तोंड लावलं. "कुसुम, मी आलोय."

मग खूप आतून, कुठंतरी खाली वाकलेल्या माणसाचा यावा तसा आवाज आला.

"आता येऊ नका. जागा नाही."

"मी मावेन कसातरी."

"नाही हो, खरंच नाही." ती धापा टाकत होती, पण नेहमीच्याच सुरात बोलत होती. "उशीर झालाय. तुम्ही तिकडंच जेवून घ्या."

मेघना माझ्या पाठीवर हात फिरवत होती आणि "चला बाबा, चला" म्हणत होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं. मी बरं म्हणालो आणि दार ओढून घेतलं.